वस्तीची गाडी

एसटीचं आगार खासगी कंत्राटदाराच्या घशात घालण्याचा घाट मंत्र्यांनी घातला होता. भर सभेत ते म्हणाले, "मी परदेशात पाहून आलोय. लोकांची सेवा सरकारपेक्षा खासगी माणूसच चोख करतो!" शेजारी कंत्राटदार हात जोडून हसला.

लाल बावट्याच्या आमदार हौसाबाई गावित उठल्या. "माझा पाठिंबा आहे," बाई म्हणाल्या, तसे समोरचे चालक-वाहक हबकले. "फक्त आधी वस्तीच्या गाड्या घ्या. रात्री डोंगरातल्या पाड्यावर मुक्काम करायचा, सकाळी तिथल्या पोरांना शाळेत आणायचं."

कंत्राटदार ताडकन बोलला, "छे! तोट्याच्या गाड्या सरकारनंच चालवाव्यात."

"ऐकलंत ना, साहेब? सेवा सरकारनंच करायची, हे तुमचाच माणूस सांगतोय!"

टाळ्या थांबेनात. मंत्र्यांनी करारावरच्या सहीसाठी उघडलेलं पेन बंद करून खिशाला लावलं.