तारेंसियाच्या तटाचं भगदाड

तारेंसिया गावाच्या तटाला एवढं मोठं भगदाड पडलं होतं की गवताने भरलेली बैलगाडी त्यातून आरामात आत येई. रोमच्या राज्याच्या अगदी टोकाला, नदीकाठी वसलेलं हे गाव. आजोबा-पणजोबांपासून इथे कुणी लढाई पाहिली नव्हती. द्राक्षं पिकत होती, व्यापारी येत होते, लोक खाऊनपिऊन सुखी होते. मग तट हवा कशाला? कुणी गोठ्यासाठी दोन दगड काढून नेले, कुणी चुलीसाठी. आणि सुभेदार फ्लाविनस यांनी तर त्याच दगडांचं ऐसपैस न्हाणीघर बांधलं.

आणि एका सकाळी बातमी आली, की नदीपलीकडच्या टोळ्या तराफे बांधतायत.

गावाचं धाबं दणाणलं. रोमहून फौज येण्याची आशा नव्हती. तिथे एका वर्षात तीन सम्राट होऊन गेले होते आणि चौथा कोण, या भांडणात सगळे गुंतले होते. सुभेदारांनी गावचा गवंडी सिल्वानस याला बोलावून घेतलं.

“द्राक्षांच्या सणापर्यंत भगदाड बुजव.”

“बुजवतो, सरकार. पण दगड? खाण नदीपलीकडे आहे.”

“ते मला काय सांगतोस? गवंडी तू आहेस.”

“मग न्हाणीघराचे...”

“न्हाणीघराला हात लावलास तर याद राख.”

सिल्वानस सरळ माणूस. म्हणाला, “मग हे काम होणार नाही, सरकार.” सुभेदारांनी त्याला तिथल्या तिथे कोठडीत टाकलं. सणापर्यंत तट उभा राहिला नाही, तर त्याची रवानगी मिठाच्या खाणीत व्हायची होती. तिथे गेलेला माणूस परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सिल्वानसला एकच मुलगी, व्हिबिया. लहानपणापासून बापाला चुना कालवून देत वाढलेली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती भरल्या कचेरीत जाऊन उभी राहिली. 

“सरकार, वडलांचं काम मी पुरं करते. फक्त कशाला हात लावायचा नाही तेवढं सगळ्यांसमोर सांगा. मागाहून घोटाळा नको.”

सुभेदारांना हसू आलं. “ऐक तर. लोकांच्या घरांना हात लावायचा नाही. देवळं नाहीत, थडगी नाहीत. न्हाणीघर नाही, नाटकशाळा नाही.”

“आणखी काही?”

“आणखी गावात असतं तरी काय?”

“मग बाकीचं घेऊ?”

“खुशाल घे,” सुभेदार म्हणाले, आणि कचेरी हसली.

व्हिबिया बाहेर आली ती चौकाकडे पाहतच. चौकात कारंज्याशेजारी सुभेदारांचा संगमरवरी पुतळा उभा होता. कारंजं सुरू झालं तेव्हाचा. मंडईत दुसरा, मंडईला रंग दिला तेव्हाचा. वेशीवर तिसरा, घोड्यावर बसलेला. सुभेदारांना प्रत्यक्षात घोड्याची भीती वाटे ती गोष्ट वेगळी. सुबत्तेच्या काळात सुभेदारांनी कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःला उभं केलं होतं.

तिने गाड्या जुंपल्या. लोक आधी दचकले, मग बाह्या सरसावून मदतीला आले. कोळ्यांनी दोर दिले, बायकांनी चुना कालवला. एवढ्या उत्साहाने गावात बऱ्याच दिवसांत काही झालं नव्हतं. सुभेदारांना मात्र याचा पत्ता नव्हता. ते वाड्याबाहेर पडतच नव्हते. कुणी भेटायला गेलं की “सरकार कामात आहेत” असं उत्तर मिळे, आणि आतून पेट्या ओढल्याचे आवाज येत.

सणाच्या दिवशी सुभेदार तट पाहायला आले. तट उभा होता, चांगला दोन पुरुष उंच. ते समाधानाने जवळ गेले आणि थबकले. दगडाला नाक होतं.

“हा मी आहे,” ते म्हणाले.

“होय, सरकार,” व्हिबिया म्हणाली. “शेजारचेही आपणच. तळाशी आडवे घातलेत, तेही आपणच.”

“आणि तिथे मी डोक्यावर का उभा आहे?”

“तिथे खाली निमुळतं आणि वर रुंद काहीतरी हवं होतं. आपलं डोकं अगदी नेमकं बसलं.”

मागे कुणीतरी खोकल्यासारखं केलं. सुभेदारांचा चेहरा लालबुंद झाला.

“कुणाला विचारून केलंस हे?”

“आपल्यालाच विचारलं होतं, भर कचेरीत. पुतळ्यांचं नाव आपण घेतलं नाहीत.”

“अगं, गावात दुसरं काहीच मिळालं नाही तुला? माझेच पुतळे दिसले?”

व्हिबियाच्या डोळ्यांसमोर कोठडीतला बाप आला. आता गप्प बसून काही उपयोग नव्हता.

“सरकार, तराफ्यांची बातमी आली आणि नगरशेठ मुलीच्या गावाला गेले. फौजदारांना मामाची आठवण झाली. आपल्याही वाड्यामागे चार गाड्या भरून उभ्या आहेत, सगळ्या गावाने पाहिल्यात. मोठ्या माणसांपैकी गाव सोडायला निघाले नाहीत ते हे पुतळेच. मग तटात दुसऱ्या कुणाला उभं करणार?”

सुभेदारांनी तटाकडे पाहिलं. घोड्यावरचे फ्लाविनस छाती काढून नदीकडे बघत होते. खरे फ्लाविनस प्रवासाचे जोडे घालून उभे होते. त्यांनी जोड्यांकडे पाहिलं, पुन्हा तटाकडे पाहिलं, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तटाला हात टेकावा लागला, आणि तो नेमका स्वतःच्याच पोटावर टेकला. मग अख्खं गाव हसलं.

“गाड्या रिकाम्या करा,” त्यांनी नोकरांना सांगितलं. “सामान परत वाड्यात न्या. गाड्या आणि बैल या मुलीचे. आणि सिल्वानसला आत्ताच्या आत्ता सोडा.”

सिल्वानस आला. त्याने लेकीला जवळ घेतलं, मग नव्या तटाशी जाऊन सुभेदारांच्या कानामागे बोट घालून पाहिलं.

“बाकी सगळं छान,” तो म्हणाला, “पण इथे चुना जरा कमी पडलाय.”