चातुर्मासातले डाळिंब

डाळिंबाच्या बागांमध्ये एका वृद्ध आचार्यांचा मठ होता. त्यांचा एक शिष्य मोठा बुद्धिमान, इतका की त्याच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे. आषाढी एकादशीला त्याने सर्वांसमक्ष नेम घेतला, "चातुर्मासात मी एकही फळ खाणार नाही." आचार्य म्हणाले, "नेम पाळलास, तर कार्तिकी द्वादशीचे प्रवचन तुझे." त्या आसनावर बसण्याची शिष्याची कितीतरी वर्षांची इच्छा होती.

श्रावण कसाबसा गेला. भाद्रपदात झाडावरची डाळिंबे तडकू लागली आणि शिष्याचे अध्ययनात लक्ष लागेना. अखेर त्याने वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ उघडला. दुसऱ्याच दिवशी तो स्वयंपाकघरात वाटीभर दाणे खाताना सापडला.

"अहो, नेम होता ना तुमचा?" आचारीबुवांनी विचारले.

"नेम अभंग आहे," शिष्य चावता चावता म्हणाला. "आतला दाणा म्हणजे बी. आपण खातो ते त्या बीचे रसाळ आवरण. फळाची भिंत म्हणजे ही साल, आणि तिला मी दातही लावलेला नाही."

"म्हणजे आजवर आम्ही फळ फेकून देत होतो म्हणायचं," असे म्हणून आचारीबुवा आमटीकडे वळले.

आचार्यांच्या कानावर हे गेले. ते रागावले नाहीत. "साली तेवढ्या जपून ठेवा," एवढेच म्हणाले.

कार्तिकी द्वादशी उजाडली. सोडलेला पदार्थ खाऊन नेम फेडण्याचा तो दिवस. लोक प्रवचनाला जमले होते. आचार्यांनी शिष्यापुढे ताट ठेवले. त्यात वाळलेल्या साली होत्या.

"घे बाळ. चार महिने जे फळ सोडलेस, ते आता पोटभर खा."

शिष्याने एक तुकडा तोंडात घातला. त्या तुरट चवीने त्याचा चेहरा असा झाला की पुढे बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

आचार्य हळू आवाजात म्हणाले, "तुझे शास्त्र खरे आहे, मीही ग्रंथ पाहिला. पण नेम घेताना तू तो उघडला नव्हतास. फळ म्हणजे काय, हे तेव्हा तुला पक्के ठाऊक होते. तोंडाला पाणी सुटल्यावर तुला शंका आली."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "गुरुजी, प्रवचन दुसऱ्या कुणाला द्या."

"का? आज तर तुझ्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी आहे."

शिष्य आसनावर बसला. मग तो म्हणाला, "मी नेम मोडला. रोज एक वाटी."

"दोन," मागून आचारीबुवा म्हणाले.

"दोन," शिष्याने कबूल केले. त्या दिवशी प्रवचनातून कुणीही मध्येच उठून गेले नाही.