तिमोनने सांभाळलेलं दार

समुद्रकाठच्या एका गावात तिमोन नावाचा एक भोळा माणूस राहायचा. ख्रिस्ती मंडळी तेव्हा अगदी नवीन होती. देऊळ नाही, घंटा नाही. दर रविवारी क्लोएकाकूंच्या घरातल्या मोठ्या खोलीत सगळे जमत. एक मेज, एक दिवा, मंडळीच्या अध्यक्षांना एक खुर्ची. बाकीचे चटईवर.

तिमोनला बाप्तिस्मा हवा होता. अध्यक्ष म्हणाले, "तीन रविवार दार नीट सांभाळ, सणाला बाप्तिस्मा देतो. पण दार सोडायचं नाही हं!"

पहिल्या रविवारी एक आंधळी आजी पायरीवर अडखळून पडली. तिमोन दार धरून उभा.

"अरे, उचल की तिला!" काकू ओरडल्या.

"मग दार कोण धरील?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हातारं माणूस दिसलं की हात धरून आत आणावं, चांगल्या जागी बसवावं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या रविवारी एक म्हातारबुवा शेळी विकायला बाजारात निघाले होते. तिमोनने त्यांना शेळीसकट आत आणलं. अध्यक्षांना उठवलं आणि बुवांना खुर्चीत बसवलं.

"सोड रे बाबा, बाजार उठेल माझा!"

तोवर शेळीने मेजावरची प्रभुभोजनाची भाकर संपवली.

अध्यक्ष चटईवरून म्हणाले, "तिमोना, आधी माणसाला विचारावं. मग हात धरावा."

"कळलं."

तिसरा रविवार. उपदेश झाला. गायस नावाच्या सेवकाने नेहमीसारखं पुकारलं, "ज्याच्या मनात भावाबहिणीविषयी राग असेल, त्याने प्रभूच्या मेजाशी थांबू नये!"

सगळ्यांनी नेहमीसारखी मान खाली घातली आणि सगळे बसून राहिले. तिमोन मात्र विचारायला निघाला.

"काकू, राग आहे?"

"छे रे! ती युनिया दर वेळी दिव्याजवळ बसते, एवढंच."

तिमोनने हात धरला. काकू स्वतःच्याच घराबाहेर.

"युनियाताई, तुम्हाला?"

"मला कसला राग? दिव्यात तेल घालताना काकूंचा जीव जातो, ते आपलं सांगते."

युनियाताई बाहेर. गायसलाही राग नव्हता. फक्त शास्त्राचं वाचन दर वेळी दुसऱ्यालाच का, एवढं त्याला कळत नव्हतं. तोही बाहेर. अशी खोली रिकामी होत गेली.

"अरे मूर्खा!" अध्यक्ष गरजले.

"राग आला?" तिमोनने हळूच विचारलं आणि त्यांचा हात धरला.

बाप्तिस्मा न झालेल्याने प्रभूच्या मेजाशी थांबायचं नसतं, आणि आपला तर व्हायचाय, म्हणून शेवटी तोही बाहेर आला. बाहेरून दार लावलं. सगळी मंडळी उन्हात उभी.

"आत उरलं कोण आता?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रभू," तिमोन म्हणाला. "त्यांनाही विचारलं. काही बोलले नाहीत, म्हणून राहू दिलं. सणाला किती दिवस आहेत हो?"