काजळवाडीचा मठ

“...पण ते माझं ऐकत का नाहीत, आई?”

निरंजन संतापला होता. काजळवाडीच्या वर डोंगराला भेग पडली होती. हात जाईल एवढी. झाडं खालच्या बाजूला कलली होती. पावसाच्या आत गाव पलीकडच्या माळावर हलवा, असं तो घरोघर सांगून आला होता. आपल्या वाणीवर त्याचा फार भरवसा.

गिरजाआई मठाच्या ओट्यावर बसल्या होत्या. निरंजन त्यांचा शिष्य.

“काय म्हणतात लोक?”

“राघूतात्या म्हणतात, आईंचा मठ इथं आहे तोवर डोंगर हलायचा नाही. सगळे त्यांचीच री ओढतात.”



आई उठल्या. भिंतीला शिडी लावली आणि छपरावर चढल्या. एक कौल उचकटून त्यांनी खाली धरलं.

“घे.”

निरंजन मागे सरला. “आई, हा तुमच्या गुरूंचा मठ. लोकांची श्रद्धा मोडेल.”

“घे लवकर. हात भरून आला.”

त्यानं कौल घेतलं. मग दुसरं. मग तिसरं.

आवाज ऐकून राघूतात्या धावत आले. “आई, हे काय चाललंय?”

“मला भीती वाटते, तात्या. मी माळावर चालले राहायला.”

“तुम्हाला... भीती?”

“हो.”

 तात्या घरी गेले आणि त्यांनी आपल्या छपराला शिडी लावली.

संध्याकाळपर्यंत वाडीत जिकडेतिकडे शिड्याच दिसत होत्या.

आषाढात, भर दुपारी, डोंगर सुटला. माळावरच्या पत्र्याच्या शेडमधून सगळ्यांनी पाहिलं. वाडी होती तिथं नुसती लाल माती...

 बायका पोरांना चाचपत राहिल्या. मग तात्यांनी नातीला खांद्यावर घेतलं, कुणीतरी ढोलावर थाप मारली, आणि भर पावसात अख्खा माळ नाचू लागला.

निरंजन तेवढा रडत होता.

“मठाच्या भिंतीसुद्धा राहिल्या नाहीत, आई. आपला मठ गेला.”

“माणसं बघून ये.”

तो शेडमधून शेडमध्ये फिरला. जो तो त्याला हाताला धरून नाचायला ओढत होता. परत आला तेव्हा धापा टाकत होता, हसतही होता.

“सगळी आहेत, आई. म्हशीसुद्धा.”

“मग गेला तो कोणता मठ?”