हैबतीच्या ट्रकचा हिरवा रंग

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. घाट होते, ट्रक होते आणि माणसं आत्तासारखीच घाईत होती, एवढं मात्र नक्की.

अशाच एका घाटमाथ्यावर हैबती नावाचा ट्रकवाला राहायचा. ट्रक बापाच्या वेळचा. इंजिन ठणठणीत, पण केबिनचा पत्रा जागोजागी गंजून फुगलेला. हैबतीची बायको चांगुणा पहिलटकरीण होती. बाळंतपणाला तिला घाटाखाली माहेरी सोडायचं होतं. सासऱ्याच्या दारात असला खरजुला ट्रक उभा करायची हैबतीला लाज वाटत होती.

म्हणून तो आप्पांकडे गेला. आप्पा गावातले जुने रंगारी, पत्र्याची कामंही तेच करायचे. त्यांनी रंगाचा डबा उघडलाच नाही. आधी बोटाच्या पेरांनी केबिन ठोकत फिरले. दार वाजलं टण. टप वाजला टण. मग वाकून ब्रेकखालचा पत्रा ठोकला.

भद्.

आप्पांचा चेहराच उतरला. "हैबती, इथे लोखंड उरलेलं नाही रे! हे कापून नवा पत्रा जोडावा लागेल. बाकीचा गंज तारेच्या ब्रशने पार चकाकी येईस्तोवर घासायचा. मग गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साईडचा हात द्यायचा, तो सुकू द्यायचा आणि शेवटी रंग. चार दिवस दे मला."

"चार दिवस? आप्पा, परवा आठवा लागतो तिला!"

त्या गावची रीतच तशी होती. गरोदर बाईला माहेरी न्यायचं ते सातव्यात, नाहीतर नवव्यात. आठव्यात तिने घाट ओलांडायचा नाही. पण मी म्हणतो, सातवा महिना काय एका दिवसात सरला? महिनाभर आप्पा सांगत होते, गाडी आण. महिनाभर हैबती म्हणत होता, आणतो की!

"मग नवव्यात ने," आप्पा म्हणाले. "नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गाडीने पाठव. पण यात बसवू नकोस तिला. मला भीती वाटते रे."

"म्हणजे ट्रकवाल्याची बायको दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी जाणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

हैबती तणतणत घरी आला. त्याने स्वतःच रंग आणला आणि ब्रश घेऊन केबिनमध्ये वाकला. तेवढ्यात पायाजवळून कुणीतरी हळूच बोललं.

"झाक मला."

हैबती दचकला. आत कुणीच नव्हतं. होता तो फक्त गंज, लालभडक, फुगलेला.

"घासू नकोस. नुसतं झाक. तू कुणाला सांगू नकोस, मीही नाही सांगत."

आता तुम्ही म्हणाल, गंज कधी बोलतो का? अहो, बोलतो! ज्याला ऐकायचं असतं त्याच्याशी अगदी गोड बोलतो.

हैबतीला सगळं टाकून पळावंसं वाटलं. पण त्याने डोळे मिटून घेतल्यासारखं केलं, भोकांत पुट्टी भरली आणि वर हिरव्या रंगाचे दोन जाड हात मारले. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी ट्रक पोपटासारखा हिरवागार दिसत होता. "वा हैबती, नवा घेतलास की काय!" म्हणत अख्खा गाव बघायला आला. आप्पा तेवढे आले नाहीत. लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला आणि चांगुणा केबिनमध्ये चढली.

पहिल्या वळणावर ती म्हणाली, "अहो, खाली काहीतरी कुरकुरतंय."

"नवा रंग आहे. वाजतो थोडा."

दुसऱ्या वळणावर आवाज वाढला. कुणीतरी फुटाणे चावत बसावं तसा. चांगुणाने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने हँडब्रेकचा दांडा गच्च धरला. "अहो, थांबवा ना गाडी. माझा जीव घाबरा होतोय."

हैबतीला आवाज येत नव्हता असं नाही. आवाज येत होता आणि शब्दही कळत होते. "थोडंच राहिलंय," गंज म्हणत होता. "थोडंच राहिलंय." पण ही गोष्ट बायकोला सांगायची कशी?

तिसऱ्या वळणावर उतार तीव्र होता. डावीकडे कडा, उजवीकडे दरी. हैबतीने जोर लावून ब्रेक दाबला.

भद्.

पत्रा फाटला आणि पेडलसकट त्याचा पाय खाली गेला. ट्रक सुसाट सुटला. "चांगुणा!" एवढंच तो ओरडला. तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, त्याने स्टेअरिंग कड्याकडे फिरवलं. दगडाला घासत, किंचाळत, ठिणग्या उडवत ट्रक एकदाचा थांबला.

चार दिवसांचं घासणं कड्याने एका क्षणात केलं होतं. हिरवा रंग सोलून निघाला होता आणि त्याखाली जागोजागी पत्रा नव्हताच. नुसती लाल भुकटी वाऱ्यावर उडत होती. चांगुणा थरथर कापत होती, पण पोटातलं बाळ हललं आणि तिला रडू फुटलं. हैबतीचा भोकात अडकलेला पाय मात्र गुडघ्याखाली चेंगरला होता. तो वैद्यांना वाचवता आला नाही.

चांगुणाला सुखरूप मुलगी झाली. हैबती तिला बघायला गेला तो कुबडी घेऊन, आणि दुसऱ्याच्या गाडीतून.

पुढे तो रोज आप्पांच्या शेडमध्ये बसू लागला. रंगाला गाडी आली की कुबडीने तिचा पत्रा ठोकायचा. टण वाजलं तर हसायचा. भद् वाजलं की तो ट्रकवाल्याला आपला तुटका पाय दाखवायचा. मग कुणी चार दिवसांवरून हुज्जत घालत नसे.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: झाकलेला दोष बरा होत नाही, तो नुसता दिसेनासा होतो आणि आतून खात राहतो.