बेटावरचा भाव

एका चिमुकल्या बेटावर खेकडेमहाराज राज्य करत होते, तेव्हाची गोष्ट. "किनाऱ्यावर दिवसाला दोन कवड्या मिळतात, आमच्याकडे दहा," ही दवंडी ऐकून टिटवी पिल्लांसकट बेटावर राहायला आली. दिवसभर वाळू उपसून तिनं दहा कवड्या मिळवल्या आणि बाजार गाठला. दहा कवड्यांत एकच कोळंबी आली. किनाऱ्यावर दोन कवड्यांत अख्खा वाटा यायचा.

ती तडक दरबारात गेली.

महाराज आडवे आडवे डुलत म्हणाले, "अडाणीच आहेस. आमच्या राज्यात साध्या कोळंबीलासुद्धा केवढा भाव आहे, बघ जरा."

"बघितला," टिटवी म्हणाली. "भाव खाऊन तुमचं पोट भरतं, महाराज. माझ्या पिल्लांना कोळंबी लागते."