टिटवी आणि हौसाबाईची खोप

फार वर्षांमागं एका आटलेल्या नदीच्या वाळूत दोघी शेजारणी राहत. एक, खोपीत राहून कलिंगडं राखणारी हौसाबाई. दुसरी, चार अंड्यांवर बसलेली टिटवी.

एकदा भर चैत्रात आभाळ भरून आलं. टिटवीच्या मनात पाल चुकचुकली. पण हौसाबाईची खोप जागच्या जागी होती. ‘माणसाला कळत असेल,’ म्हणून ती बसून राहिली.

तेवढ्यात वरच्या अंगानं पाण्याचा आवाज आला. टिटवी ओरडत सुटली. हौसाबाई धावत आली.

“अगं, तू निवांत बसलेली दिसलीस, म्हणून मी खोप हलवली नाही!”

“आणि मी तुझी खोप बघून बसले होते!”

हौसाबाईनं पिकल्या कलिंगडांकडे एकदाच पाहिलं, चारी अंडी पदरात घेतली आणि काठ गाठला. मागं वेल वाहून गेले. काठावरच्या खड्यांत तिनं अंडी होती तशीच मांडली, निमुळती टोकं आत करून.

त्यानंतर अवेळी ढग दिसले की दोघी आधी एकमेकींना विचारत.

“तुला काय वाटतं गं?”

“मला काही कळेनासं झालंय. तुला?”

“मलाही.”

मग टिटवी अंड्यांवरून उठे आणि हौसाबाई पदर पुढे करी.